लोणी गेलं, ताक राहिलं

कॉर्क शहराच्या उत्तरेकडच्या चढावर, शॅन्डनला, सेंट ॲन्स चर्चजवळ एक गोल दगडी इमारत आहे. नाव फर्किन क्रेन. आज तिथे नृत्याचे वर्ग आणि प्रयोग चालतात. १८५५ साली ती बांधली गेली ती मात्र लोण्याची पिंपं तोलण्यासाठी. फर्किन म्हणजे साधारण २५ किलो लोणी मावेल असं लाकडी पिंप. शेजारीच लोणीबाजार होता. केरीच्या डोंगरांतून, पश्चिम कॉर्कच्या खडकाळ वाड्यांतून गाड्या रात्रभर वाट तुडवत यायच्या. व्यापाऱ्यांच्या मंडळाने १७७० पासून इथे तपासणीची शिस्त बसवली होती. तपासनीस पिंपात पोकळ सळई खुपसायचा, तळापर्यंतचं लोणी वर काढायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि पहिली प्रत, दुसरी प्रत असं सांगून मोकळा व्हायचा. बहुतेक कुळांचा वर्षाचा खंड याच लोण्यातून भागायचा, त्यामुळे त्याच्या जिभेकडे किती घरं डोळे लावून बसत असतील याची कल्पना करावी. मग खच्चून मीठ लावलेलं ते लोणी जहाजावर चढे आणि पार वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांपर्यंत पोचे. १९व्या शतकात जगात याहून मोठा लोणीबाजार नव्हता. १९२४ मध्ये तो बंद पडला. आता तिथे लोण्याचं संग्रहालय आहे.

मी कॉर्कला राहते, त्यामुळे घरी पाहुणे आले की शॅन्डनची चक्कर ठरलेली. चर्चचा घंटाघर-मनोरा चढायचा, मग संग्रहालय. पिंपं, शिक्के, रव्या, साचे बघून होतात आणि दर वेळी माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो. एवढं लोणी निघालं, तर ताक किती निघालं असेल? त्या ताकाचं पुढे काय झालं?

ताकाचा बाजार भरत नाही. त्याला प्रत नसते, त्यावर शिक्का बसत नाही, जहाजात ते टिकत नाही. ते घरीच राहतं. आज जग ज्याला आयरिश सोडा ब्रेड म्हणतं तो या घरी राहिलेल्या ताकाचा ब्रेड आहे. त्यात पीठ, मीठ, सोडा आणि ताक एवढंच पडतं. लोणी घालत नाहीत. ते वरून लावतात, आणि तेही घरात उरलं असेल तर.

सोडा येण्याआधी ताक बटाट्यांबरोबर प्यायलं जाई. उकडलेले बटाटे आणि ताक हे आयर्लंडच्या गरिबाचं सकाळ-संध्याकाळचं जेवण होतं. जेवण एकसुरी खरं, पण अंगाला लागणारं. गहू पिकायचा, पण तो विकायचा. घरात धान्य शिजलं तर ते ओट्स, आणि भाकरी झालीच तर ओट्सची, तव्यावर भाजून मग आगीपुढे उभी करून वाळवलेली. गव्हाचा ब्रेड न होण्यामागे गरिबीखेरीज हवामानही होतं. आयर्लंडच्या दमट, गार हवेत येणारा गहू मऊ असतो, त्यात प्रथिन कमी. यीस्ट घालून आंबवलेला ब्रेड फुगतो तो पिठातल्या ग्लुटेनच्या ताणावर. हा गहू तो ताण धरत नाही. शिवाय यीस्टच्या ब्रेडला भट्टी लागते, आणि बहुतेक घरांत होती ती भिंतीतली उघडी चूल, पीट नावाच्या दलदलीच्या मातीच्या वाळवलेल्या विटांवर धुमसणारी.

सोडा आला तो शेतातून नव्हे, कारखान्यातून. मिठापासून सोडा बनवायची रीत निकोला लेब्लां या फ्रेंच माणसाने काढली आणि १७९१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये ती मोठ्या प्रमाणावर चालवली जेम्स मस्प्रॅटने. हा डब्लिनचा. १८२२ च्या सुमारास तो लिव्हरपूलला गेला आणि १८२३ पासून तिथे सोड्याचे कारखाने धूर ओकायला लागले. तो धूर म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. आसपासची झाडं करपली, शेतकरी कोर्टात गेले आणि पुढे १८६३ मध्ये ब्रिटिश संसदेला खास त्यासाठी कायदा करावा लागला. तो सोडा साबणासाठी होता, काचेसाठी होता. त्याचाच एक सौम्य भाऊ स्वयंपाकघरात शिरला. चहाच्या मगावर आणि पर्यटकांच्या पिशव्यांवर 'पारंपरिक' असं छापलेला हा ब्रेड अशा रीतीने औद्योगिक क्रांतीचं अपत्य आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या केरीच्या आजीला तो दाखवला असता तर तिने ओळखला नसता.

त्याची छापील कृती सापडते ती १८३६ ची. उत्तरेकडच्या न्यूरी गावच्या वर्तमानपत्रात कुणा वाचकाने ती कळवली होती आणि लंडनच्या शेतकी मासिकाने ती उचलली. ती वाचताना मला फार मजा वाटते, कारण हा गृहस्थ आधी ब्रेडचं कौतुक करतो ते पचनासाठी. पोट साफ राहतं, जठराला बळ येतं वगैरे. थेट आपल्याकडच्या चूर्णाची जाहिरात. पण मग कृतीवर येतो तेव्हा एकदम जाणकार होतो. ताक चांगलं आंबट घ्या म्हणतो. पीठ हाताळता येईल तितकं सैल ठेवा, जितकं सैल तितकं बरं. खालून मध्यम आच, काही वेळाने झाकणावर निखारे, खालची आच हळूहळू उतरू द्या, अधूनमधून झाकण उचलून बघा. लोखंडी भांडी आणि चूल सोडली तर आजही यात बदलावं असं काही नाही.

सोडा ब्रेड दुष्काळाने जन्माला घातला असं इथे पुष्कळदा ऐकू येतं. मला ते पटत नाही. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्या माणसांकडे पीठ कुठलं असायला? पंतप्रधान रॉबर्ट पीलने अमेरिकेतून १ लाख पौंडांचा मका आणवला, तो कसा दळायचा आणि शिजवायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कलकत्त्यातून सुमारे १४,००० पौंडांची वर्गणी आली. देणाऱ्यांत ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले आयरिश शिपाईही होते. आणि त्याच वर्षांत धान्याची पोती, लोण्याची पिंपं आयर्लंडच्या बंदरांतून बाहेर जातच राहिली. सोडा ब्रेड आहे तो मागे उरलेल्यांचा. दुष्काळानंतर माणसं कमी झाली, शेतं जरा मोठी झाली, हातात रोकड येऊ लागली, खेड्यात दुकान आलं. दुकानात चहा, साखर, सोडा आणि पांढरं पीठ आलं. शतक संपत आलं तेव्हा त्यातलं पुष्कळसं पीठ अमेरिकेतून येत होतं. म्हणजे बघा, पीठ परदेशातलं, सोडा कारखान्यातला. यात आयर्लंडचं होतं ते ताक, आणि पीठ भिजवणाऱ्या बाईचा हात.

तो हात मी बघितला तो शेजारच्या बाईंचा. ऐंशी पार केलेल्या, केरीत वाढलेल्या, लग्नानंतर कॉर्कला आलेल्या. आमच्या दोघींच्या परसाला मिळून एकच कुंपण, आणि त्यावरून बोलणं पावसापासून सुरू होऊन पावसापाशीच संपायचं. एकदा मी ब्रेडचा विषय काढला तर म्हणाल्या, "त्यात शिकवण्यासारखं काय आहे? ये उद्या सकाळी. पण वेळेवर ये, मी थांबणार नाही."

त्या खरंच थांबल्या नाहीत. मी पोचले तेव्हा ओव्हन तापलेला होता आणि टेबलावर पसरट भांड्यात पीठ काढलेलं होतं, अर्धं पांढरं, अर्धं भरड, कोंड्यासकट. वजन करणं त्यांच्या गावी नाही. मी पुढे घरी तराजू लावून जमवलं ते असं: ४५० ग्रॅम पीठ, चहाचा एक सपाट चमचा सोडा, तितकंच मीठ आणि ३५० ते ४०० मिलिलिटर ताक. शेजारीणबाई सोडा थेट चमच्याने पिठात टाकत नाहीत. आधी डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या अंगठ्याच्या फुगीर भागाने रगडतात, एकही गुठळी राहू नये म्हणून. राहिली तर ब्रेडमध्ये पिवळा ठिपका पडतो आणि तो घास साबणासारखा लागतो. मग पिठात दोन्ही हात घालून ते वर उचलायचं आणि बोटांमधून परत खाली सोडायचं, दोन-चारदा. पीठ हवेशीर होतं आणि मीठ-सोडा सगळीकडे जातो.

मग मध्ये खड्डा केला आणि ताक ओतलं. सगळं एकदम. थेंब थेंब घालत, अंदाज घेत बसायचं नाही. उजव्या हाताची बोटं फाकवून ताठ धरली आणि तो पंजा मधून सुरू करून बाहेरच्या कडेपर्यंत गोल गोल फिरवला. दुसरा हात भांडं फिरवत होता. मी मनात म्हटलं, आता मळायला घेतील. तर त्यांनी हात काढूनच घेतला.

"झालं?"

"झालं. आणखी काय करायचंय? जा, हात धू."

माझे हात तसे स्वच्छच होते. नंतर कळलं की हात धुणं हा कृतीचाच भाग आहे. चिकट हात धुऊन, कोरडे करून, त्यांना पीठ लावून मगच तो गोळा टेबलावर उलटायचा आणि हलकेच गोल सारखा करायचा. भाकरी करणाऱ्या हाताला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नाही, म्हणून ते तळहाताने रगडून रगडून एकजीव करावं लागतं. जितकं मळाल तितकी भाकरी न चिरता थापली जाते. इथे सगळं उलटं. गव्हात ग्लुटेन आहे, थोडं का होईना, आणि त्याला डिवचायचं नाही. मळलं की ते ताणतं आणि ब्रेड दडस होतो. शिवाय ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा एकमेकांना भेटले त्या क्षणापासून वायू सुटायला लागतो. यीस्ट तासन् तास काम करतं, तुम्ही झोपलात तरी करत राहतं. सोड्याचा सगळा जोर काही मिनिटांत संपतो. तेवढ्यात ब्रेड ओव्हनमध्ये गेला पाहिजे. फोन आला तर वाजू द्यायचा.

गोळा दीड-दोन इंच उंच ठेवला, सुरीने वर आडवा-उभा खोल छेद दिला, अगदी कडांपर्यंत, आणि चारही कोपऱ्यांत सुरीचं टोक टोचलं. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग आच उतरवून २०० वर अर्धा तास. शेवटी ब्रेड फडक्यात धरून पालथा केला आणि तळावर बोटाच्या पेराने ठोकलं. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला की झाला. आवाज बद्द आला तर पालथाच परत आत. बाहेर काढल्यावर वरचं कवच तडतडत होतं. ते कडकच हवं असेल तर ब्रेड जाळीवर उघडा ठेवायचा, मऊ हवं असेल तर स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा. शेजारीणबाई फडकेवाल्या. गरम असताना कापू नये, आतला भाग गिच्च होतो, असं त्यांनी मला बजावलं आणि मग स्वतःच कापला.

चव साधी आहे. गव्हाची, किंचित आंबूस, मागे जराशी खारट. पहिल्या घासाला तुम्ही वाहवा म्हणाल असं काही त्यात नाही. तिसऱ्या-चौथ्या तुकड्यानंतर कळतं की आपण अजून खातोच आहोत. त्याचं आयुष्यही एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी तो भाजून खायचा, तिसऱ्या दिवशी उरला असेल तर दुधात साखर घालून शिजवायचा आणि पोरांना द्यायचा. उरलेल्या भरड ब्रेडचा चुरा साखरेबरोबर खरपूस करून त्याचं आइस्क्रीमही इथे करतात, आणि ते फार चांगलं लागतं.

वरच्या छेदाबद्दल मी त्यांना विचारलं. "परी निघून जावी म्हणून," त्या म्हणाल्या. आयर्लंडच्या परी आपल्या गोष्टीतल्यांसारख्या पंख लावून वर द्यायला येत नाहीत. त्या खोडसाळ, प्रसंगी घातकी असतात, आणि ब्रेडमध्ये कोंडून राहिल्या तर तो बिघडवतात. म्हणून चार कोपऱ्यांत चार भोकं. कॉर्क परगण्यातल्याच शॅनगॅरीला डॅरिना ॲलन यांची बॅलिमलू पाकशाळा आहे, १९८३ पासूनची. तिथे जगभरच्या विद्यार्थ्यांना भोकं पाडायला शिकवतात ती परींचं हे कारण सांगूनच. कुणी क्रूस म्हणतं, आशीर्वाद म्हणतं. आणि शास्त्र विचाराल तर जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचायला वाट हवी, आणि फुगताना तो वाटेल तिथे न फुटता आपण दिलेल्या रेघेवर उमलावा. मला तिन्ही कारणं मान्य आहेत. उत्तरेत, अल्स्टरमध्ये, प्रश्नच मिटवून टाकतात. तिथे गोळा चपटा करून त्याचे आधीच चार भाग करतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. मग सकाळी तेच तुकडे अंडी आणि बेकनबरोबर चरबीत तळतात. ते खाऊन दिवसभर दुसरं काही लागत नाही.

शेजारीणबाईंच्या आईकडे ओव्हन नव्हता. खेड्यांत वीज नेण्याचं काम आयर्लंडने १९४६ मध्ये हाती घेतलं आणि केरीतल्या ब्लॅक व्हॅलीसारख्या दरीत ती सत्तरच्या दशकात पोचली. त्यांच्या आईचा ब्रेड व्हायचा तो बॅस्टिबलमध्ये. हे तीन पायांचं, सपाट बुडाचं, जड बिडाचं भांडं. चुलीवर लोखंडी आकड्याला टांगायचं, झाकण घालायचं आणि चिमट्याने धगधगते पीटचे निखारे झाकणावर रचायचे. खाली किती, वर किती, हे सगळं अंदाजाने. "आई कधी झाकण उचलून बघायची नाही," त्या म्हणाल्या, "वासावरून सांगायची." न्यूरीचा तो पत्रलेखक अधूनमधून बघा म्हणाला होता. तो बहुधा रोज करत नसावा.

१९३७ ते १९३९ या काळात आयरिश सरकारने शाळांमधल्या सुमारे ५०,००० मुलांना एक काम दिलं होतं. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. गोष्टी, औषधं, खेळ, सण, आणि त्यात ब्रेड आणि ताक घुसळणं हेही विषय. त्या वह्या जपून ठेवल्या आहेत आणि आता कुणालाही वाचता येतात. मी त्यात तासन् तास घालवते. पोरांच्या गोलसर अक्षरात लिहिलेलं असतं की घुसळण चालू असताना कुणी दारात आलं तर त्याने रवीला हात लावल्याशिवाय जायचं नाही, नाहीतर तो घरातलं लोणी घेऊन गेलाच म्हणून समजा. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी घरातून विस्तव द्यायचा नाही, दूध द्यायचं नाही. लोणी येईना की कुणाची तरी नजर लागलेली असणार. हे वाचताना मला जाणवतं की भीती सगळी लोण्याची आहे. ताक चोरायला कुणी टपलेलं नव्हतं.

लोणी शेवटी गेलंच, पण ते परी किंवा चेटकिणीमुळे नाही. १८८९ मध्ये लिमरिकच्या ड्रमकोलॉहर गावी सहकारी दूधसंस्था निघाली. होरेस प्लंकेट यांच्या सहकारी चळवळीतली ही पहिली. मग गावोगावी यंत्राने साय वेगळी होऊ लागली. लोणी चांगलं निघू लागलं, भाव बरा मिळू लागला, डेन्मार्कच्या लोण्याशी टक्कर देता आली. हे सगळं झालं ते चांगलंच झालं. पण तोपर्यंत लोणी करणं हे बायकांचं काम होतं आणि पुष्कळ घरांत त्याचे चार पैसे बाईच्या हातात असत. आता दूध सकाळी गाडीतून संस्थेत जाऊ लागलं, गाडी हाकणारा पुरुष, पैसे घेणारा पुरुष. परतीच्या कॅनमधून घरी यायचं ते साय काढून उरलेलं. बाईच्या वाट्याला पुन्हा तेच, आणि तिने त्याचा पुन्हा ब्रेड केला.

आज दुकानात ताक म्हणून जो खोका मिळतो त्याचा लोण्याशी काही संबंध नाही. कमी स्निग्धांशाच्या दुधाला कारखान्यात विरजण लावून ते दाट करतात. ब्रेड त्याचा उत्तम होतो, तक्रार नाही. पण आयर्लंडमधलं जुनं ताक असं नव्हतं. तिथे साय काही दिवस साठवत, ती आपोआप आंबट होई, मग घुसळत. हे ऐकून आमच्याकडच्या कुणालाही पुढचं सांगावं लागणार नाही. सायीला विरजण, सायीचं दही, लोणी, आणि तळाशी ताक. पुण्याला आमच्या फ्रिजमध्ये सायीचं पातेलं कायम असे आणि आईचा रविवार त्यातच जाई. कॉर्कला अडचण एवढीच की इथलं दूध यंत्रातून असं एकजीव करून येतं की तापवून ठेवलं तरी धड साय धरत नाही. मग मी क्रीमच आणते, त्याला दह्याचं विरजण लावते, रात्रभर उबेला ठेवते आणि मिक्सरला फिरवते. तुपासाठी हे सगळं. विकतचं तूप मिळतं, पण मला त्याला घरचा वास येत नाही.

एका शनिवारी त्यातलं ताक मी बाटलीत भरून शेजारी दिलं. शेजारीणबाईंनी पेल्यात ओतलं, खिडकीपाशी नेलं आणि चष्मा वर सरकवून बघत राहिल्या. लोण्याचे बारीक कण तरंगत होते.

"कुठे मिळालं हे?"

"घरचंच आहे."

"तुझ्याकडे रवी आहे?"

"मिक्सर आहे."

त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. आपल्या आईच्या ताकात असेच कण असायचे, त्या म्हणाल्या, आणि ते कुणाच्या पेल्यात जास्त आले यावरून भावंडांची भांडणं व्हायची. मग एकदम व्यवहारावर आल्या. "आणि लोण्याचं काय केलंस?"

"कढवलं. तूप केलं."

"म्हणजे काय केलंस?"

मी समजावून सांगितलं. लोणी मंद आचेवर ठेवायचं, पाणी उडू द्यायचं, बेरी तांबूस झाली की गाळायचं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "इतकं चांगलं लोणी," त्या म्हणाल्या, "आणि तू ते जाळलंस?" पुढच्या आठवड्यात मी वाटीभर तूप नेऊन दिलं. त्यांनी ते ब्रेडवर लावून खाल्लं, चांगलं आहे म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी लोणी न जाळता थेट त्यांच्याकडे आणून द्यावं अशी सूचना केली. आता तशी वाटणीच ठरली आहे. लोण्याचा एक गोळा आणि सगळं ताक त्यांच्याकडे जातं, अर्धा ब्रेड माझ्याकडे येतो.

जे देश सोडून गेले त्यांनी या ब्रेडचं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत मार्चच्या १७ तारखेला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आयरिश सोडा ब्रेड म्हणून जे विकतात त्यात अंडी असतात, लोणी असतं, साखर असते, मूठभर बेदाणे आणि शहाजिऱ्यासारखं कॅरवे बी. आयर्लंडमध्येही सणासुदीला, कापणीच्या दिवसांत बेदाणे पडायचे. काही भागांत त्याला रेल्वे केक म्हणत, कारण बेदाणे इतके लांब लांब की दर स्टेशनला एक. पण तो रोजचा ब्रेड नव्हे. अशा भेसळीवर रागावलेल्या लोकांनी सोडा ब्रेड जपण्यासाठी एक संस्थाच काढली आहे. त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे: पीठ, मीठ, सोडा, ताक. पाचवा जिन्नस पडला की तो केक. मी मनाने त्यांच्या बाजूची आहे, चवीनेही. बेदाण्यांचा गोड सोडा ब्रेड मला कधीच धड ब्रेडही वाटला नाही आणि केकही नाही. पण दुष्काळातून निघून बोस्टनला पोचलेल्या बाईच्या हाती पहिल्यांदा लोणी, अंडी, साखर एकाच वेळी आली असतील, आणि तिने ती सगळी पिठात लोटली असतील, तर तिला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? लोणी एकदाचं तिच्या घरी राहिलं होतं.

माझी आई पुण्याला हा ब्रेड करते. मी फोनवर सांगितलं तसा, छोट्या ओव्हनमध्ये. चक्कीची कणीक इथल्या पिठापेक्षा खूप पाणी ओढते, म्हणून अर्धा मैदा आणि ताक जरा जास्त, पीठ सैल दिसेपर्यंत. ताकाचं मात्र तिला काही सांगावं लागलं नाही. रविवारचं ताक, कण असलेलं, त्यात चार दिवसांचा आंबटपणा. पहिला ब्रेड झाल्यावर तिने फोटो पाठवला आणि मग फोन केला.

"बाकी बरा झालाय," ती म्हणाली, "पण जरा मचूळ लागतो गं. पुढच्या वेळी ओवा घालते."

मी तिला संस्थेचं सांगितलं. चार जिन्नस, पाचवा पडला की केक.

"बरं," आई म्हणाली. "आणि हिरवी मिरची?"